शकुबाईचं व्हय आणि न्हाई

गडदे मास्तरांनी चहा दुसऱ्यांदा उकळून आणला, बशीत ओतला आणि शकुबाईच्या ओठांना लावला. तिनं एक घोट घेतला न घेतला तोच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बशी हिंदकळली, चहा पातळावर सांडला, आणि डाव्या हातानं तोंड झाकत ती म्हणाली, "थंड… थंड…"

पहिल्या वेळीही ती हेच म्हणाली होती. म्हणून तर मास्तर परत गॅसपाशी गेले होते. आता ते रिकामी बशी धरून तसेच उभे राहिले. बायकोची जीभ पोळली होती आणि ती थंड म्हणत होती.

दवाखान्यातून घरी आणल्याचा तो तिसरा दिवस. दोन वर्षांपूर्वीची, हरभरा काढणीच्या दिवसांतली गोष्ट. शकुबाई हापशावर कळशी उचलायला वाकली ती तशीच आडवी झाली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. नांदेडला सहा दिवस ठेवली. निघताना डॉक्टर म्हणाले होते, बोलणं हळूहळू परत येईल, पण शब्द जरा इकडचे तिकडे होतील. मास्तरांना वाटलं होतं, पाण्याला दूध म्हणेल, तांब्याला वाटी म्हणेल. शब्द असे बरोबर पालथे पडतील हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर त्याला नुसता गोंधळ वाटला असता. पण संतराम गडदे या माणसाची सगळी हयात उलट्या शब्दांवर गेलेली.

मास्तर मूळचे सेनगावकडचे. शाळेसाठी ते हिंगोलीला खोली करून राहिले, तिथं त्यांना इंग्रजीला फारुक मास्तर मिळाले. निजामाच्या राज्यात शिकलेला उंच, सुकलेला माणूस. त्यांच्याकडं एक इंग्रजी शब्दकोश होता. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. तो सुरूच व्हायचा 'अ‍ॅड्रिफ्ट'पासून, म्हणजे वाहवत गेलेला. कुणाचा, कधीचा, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्यातली भाषा फार जुनी होती आणि त्याची एक खोड होती. शब्दाचा अर्थ सांगून तो थांबायचा नाही, लगेच पुढं म्हणायचा, अमक्याच्या विरुद्ध. 'क्विक' म्हणजे जिवंत, मेलेल्याच्या विरुद्ध. 'प्रेझेंटली' म्हणजे आत्ताच्या आत्ता, लांबणीवर टाकण्याच्या विरुद्ध. 'मीट' म्हणजे कुठलंही खाण्याचं अन्न, पिण्याच्या विरुद्ध. फारुक मास्तर म्हणायचे, "जिस लफ्ज का उल्टा हात नै आया, वो लफ्ज हात नै आया समझो." संतराम मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी तो कोश त्याच्या हातात ठेवला. त्यांना स्वतःची मुलं नव्हती.

पुढं चौतीस वर्षं गडदे मास्तरांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्याच पद्धतीनं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडं शब्द, उजवीकडं त्याचा उलटा. "अंधार म्हंजे काय ते सांगू नको रे, अंधार कशानं जातो ते सांग," असं म्हणायचे. पोरांना ते पटकन कळायचं. पण अर्थ जुने. एका माळकरी घरातलं पोरगं घरी जाऊन आईला म्हणालं, आज मीट काय केलंय? ते मार खाऊनच शाळेत आलं.

ते हसण्यावारी गेलं. मुन्नीचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. सेनगावजवळच्या एका गावात मास्तर होते, तिथल्या शिंप्याची ही मुलगी. दहावी झाली, नर्सिंगला अर्ज करायचा म्हणून तिनं मास्तरांकडून वागणुकीचा दाखला मागून घेतला. मास्तरांनी झकास इंग्रजीत लिहिलं, की ही मुलगी 'सिली अँड हार्मलेस' आहे. कोशात सिलीचा अर्थ होता, मनानं निर्मळ, कुणाचं वाईट न चिंतणारी, कपटी माणसाच्या विरुद्ध. परभणीच्या त्या नर्सिंग शाळेत कारकुनानं दाखला मोठ्यानं वाचला आणि खोलीभर हशा पिकला. अर्ज परत घेऊन मुन्नी गावी आली. मास्तरांच्या दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "सर, मैं बावळी हूं क्या?"

दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्या बापाला घेऊन परभणीला गेले. कोश पिशवीतच राहिला, बाहेर काढायची हिंमत झाली नाही. तिथल्या मुख्य बाईंसमोर त्यांनी हात जोडले, नवा दाखला लिहून दिला. मुन्नीला जागा मिळाली. पुढं ती नर्स झाली, औरंगाबादकडं संसाराला लागली. पण त्या दिवसापासून मास्तरांच्या फळ्यावर दोन रेघा पडू लागल्या. शब्द, पुस्तकातला अर्थ, आणि आता लोक काय समजतात तो.

शकुबाई चौथी शिकलेली. लग्न झालं त्या वर्षी मास्तरांनी तिलाही शिकवून पाहिलं होतं. चार दिवस तिनं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "उलटं कशाला शिकवून राहिले तुमी? इथं सुलटंच धड येईना."

तर अशा माणसाच्या घरात चहा थंड झाला होता. त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी एक शंभरपानी वही काढली, मधोमध रेघ मारली. डावीकडं शकुबाई काय म्हणते, उजवीकडं तिला काय पाहिजे. थंड – गरम. उघडा – लावा. अंधार – उजेड. द्या – घ्या. खाली – वर. व्हय – न्हाई. महिन्याभरात चार पानं भरली. तिला भेटायला येणाऱ्या बायांना मास्तर ती वही वाचून दाखवायचे. 'बसा' म्हणाली तर तिला उठायचंय, 'जा' म्हणाली तर थांबा. बाया हसायच्या, मग पदरानं डोळे पुसायच्या. पुढं पुढं त्या येईनाशा झाल्या.

मास्तरांचं घर कनेरगाव नाक्यावर, वाशीमच्या रस्त्याला लागून. निवृत्तीनंतर बांधलेल्या दोन खोल्या, पुढं ओटा. समोरून ट्रक जातात, त्यांच्या धक्क्यानं मांडणीवरची ताटं थरथरतात. एकुलती एक मुलगी कोमल नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून, तिथंच दिलेली. म्हणजे घरात हे दोघंच.

सकाळी शकुबाईला उठवायचं म्हणजे आधी तिचा डावा हात आपल्या गळ्याभोवती घ्यायचा, मग एका गुडघ्यावर जोर देऊन दोघांचं वजन एकदम उचलायचं. मास्तर एकाहत्तर वर्षांचे. गुडघा उचलताना जो आवाज करायचा तो शकुबाईलाही ऐकू यायचा आणि ती तोंड फिरवायची. मग मोरी, मग आंघोळ, मग पातळ नेसवणं. निऱ्या मास्तरांना शेवटपर्यंत जमल्या नाहीत. त्यांनी तिला गाऊन आणून दिला. तो घालताना ती पहिल्या दिवशी रडली. मग केस. वेणी घालायला ते शिकले, पण त्यांची वेणी सैल व्हायची आणि दुपारपर्यंत सुटायची. भाकरीही त्यांना जमेना. पलीकडं ढाबा चालवणारी रूपाबाई दोन्ही वेळच्या भाकरी पाठवायची. पैशाचं नाव काढलं की म्हणायची, "माह्या लेकराला इंग्रजीत कोण पास केलं व्हतं मास्तर? गप ठिवा."

हे सगळं काम होतं. कामानं माणूस दमतो, झोपला की उठतो. मास्तरांना खरं दमवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. शकुबाईचं सगळंच उलटं असतं तर फार बरं झालं असतं. उलट्याचं सुलटं करायला ते जन्मभर शिकले होते. पण कधी कधी ती सरळच बोलायची. दार उघडा म्हणाली की लावायचं, हे त्यांनी अंगवळणी पाडलं होतं. आणि एखाद्या दिवशी दार लावल्यावर ती घामाघूम होऊन डावा हात गादीवर आपटत राहायची. म्हणजे आज तिला उघडंच हवं होतं. प्रत्येक शब्दापाशी थांबायचं, तिच्याकडं बघायचं, अंदाज बांधायचा, चुकायचं. दिवसातून शंभर वेळा. दोन वर्षं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी असंच खिडकीवरून झालं. लावा, उघडा, लावा. तिसऱ्या वेळी मास्तर खिडकीचा गज धरून ओरडले, "एकदा काय ते धड सांग की! उघडू का लावू? काहून जीव खाऊन राहिलीस माझा?"

रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून आत बघायला लागला. त्या दिवशी शकुबाई पुढं काहीच बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपट्याची पानं तिच्या हातात ठेवून मास्तर पाया पडल्यासारखे खाली वाकले, तेव्हा तिनं डाव्या हातानं त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली. ती काही बोलत नव्हती त्या दोन दिवसांत आपल्याला किती बरं वाटलं, हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. ते त्यांना स्वतःलाही कबूल करवेना.

दिवाळी झाली आणि कोमल आली. गाडी करून आली होती. आल्या आल्या तिनं आईची सुटलेली वेणी पाहिली, मग बापाकडं पाहिलं. बापाच्या गालांची हाडं वर आली होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि तिथंच सांगून टाकलं.

"बाबा, मी मायला घेऊन चालले. आमच्या घरामागच्या गल्लीत बोलण्याचा व्यायाम घेणारी बाई आलीय. हप्त्यातून तीनदा न्यायचं. मी रजा टाकलीय, नंतर सासूबाई हायेत."

"तिला करमायचं न्हाई तिथं," मास्तर म्हणाले.

"तिला विचारू की." कोमल पलंगावर आईशेजारी बसली. "माय, नांदेडला येतीस का माह्यासंगं?"

शकुबाईनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. "व्हय," ती म्हणाली.

"बघा. म्हणली."

"तिचं व्हय म्हंजे न्हाई असतंय, कोमल."

"हे बराबर हाय. तुमच्या मनासारखं असलं की व्हय, नसलं की न्हाई."

मास्तरांना ते फार लागलं. ते आत गेले, वही घेऊन आले, लेकीच्या मांडीवर ठेवली. वहीत एव्हाना साठ-सत्तर पानं भरली होती. तारखा होत्या, वेळा होत्या. कोमल पानं उलटत राहिली. थंड – गरम, तीन ठिकाणी. भूक न्हाई – भूक. दुखत न्हाई – दुखतंय, डावा गुडघा, मागच्या पावसाळ्यात. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. या वहीत बापाची दोन वर्षं होती, ते तिला दिसत होतं. पण ती कारकून होती. कागदात काय नाही हे बघायची तिला सवय.

"बाबा," ती म्हणाली, "आन ज्या दिवशी माय सरळ बोलली, ते कुठं लिवलंय?"

मास्तर थांबले.

"ते कशाला लिहायचं? सरळ बोलली तर कळतंच की."

"कळत व्हतं का?"

खरं सांगायचं तर कळत नव्हतं. उलटं निघालं की ते लिहायचे, सुलटं निघालं की वही उघडायचीच नाही. दहातले सात उलटे असा हिशोब त्यांनी धरला होता. पण तो नुसता अंदाज, वहीत तर सरळ शब्द एकही नव्हता. सरळ शब्द किती आले आणि आपण ते किती पालथे करून टाकले, ते आता कोण सांगणार होतं?

तरी ते मास्तर होते. त्यांनी खुर्ची ओढली, शकुबाईसमोर बसले आणि वर्गात विचारायचे तसं उलट्या बाजूनं विचारलं.

"बरं. हितंच ऱ्हातीस का, माह्यासंगं?"

"व्हय," शकुबाई म्हणाली.

"म्हंजे जायचं न्हाई?" कोमलनं मधेच विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हंजे जायचं का न्हाई जायचं?"

शकुबाईनं डोळे मिटून घेतले. कपाळावर आठ्या पडल्या. तीही दमली होती. तिला काय म्हणायचंय ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि समोर बसलेली दोन शिकलेली माणसं तिला तेच तेच विचारत होती.

मास्तरांना त्या वेळी 'लेट' हा शब्द आठवला. त्या जुन्या कोशात तो दोनदा होता. एकदा अर्थ दिला होता, जाऊ देणे. आणि लगेच खाली, वाट अडवणे. शब्द एकच, अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. लहानपणी त्यांनी फारुक मास्तरांना विचारलं होतं, मग कळायचं कसं? फारुक मास्तर म्हणाले होते, "किताब बाजू में रख बेटा. बोलनेवाले का मुंह देख."

त्यांनी लेकीच्या मांडीवरची वही उचलून खाली ठेवली आणि शकुबाईच्या तोंडाकडं पाहिलं. किती दिवसांनी असं पाहिलं असेल कुणास ठाऊक. रोज बघायचे ते ओठांकडं, आता कुठला शब्द निघतो म्हणून. ती त्यांच्याचकडं बघत होती. त्यांच्या वाढलेल्या दाढीकडं, गळ्याच्या सुटलेल्या कातड्याकडं, गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याकडं. मग तिनं डावा हात पुढं केला. मास्तरांना वाटलं, पाणी हवं. पण तो हात वर आला, त्यांच्या कपाळाला लागला आणि हळूच खाली सरकत त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर आला. तान्ह्या लेकराचे डोळे मिटावेत तसे तिनं त्यांचे डोळे मिटले.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ. ऊठ."

आणि हात तसाच ठेवला.

कोमलला आधी कळलं नाही. मास्तरांना कळलं. त्यांचा चेहरा त्या हाताखाली हलायला लागला. जरा वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून ते लेकीला म्हणाले, "ने तिला. तिचे कपडे त्या निळ्या पेटीत हायेत. गोळ्या मी लिहून देतो."

"तुमीबी चला ना, बाबा."

"मला झोप म्हणून राहिलीय ती."

गाडीत बसवताना शकुबाईचा उजवा पाय दारात अडकला, तो मास्तरांनीच उचलून आत ठेवला. गाडी गेली. रस्त्यावर धूळ उडाली आणि तिच्यामागून एक सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला. मास्तर आत आले, पलंगावर तिच्या जागी आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी रूपाबाईनं दार धडाधडा वाजवलं तेव्हा ते जागे झाले. आदल्या संध्याकाळच्या भाकरी ओट्यावर तशाच होत्या. रूपाबाई रडकुंडीला आली होती.

"मास्तर, जीव घेता का माणसाचा? मी म्हणलं काय झालं नि काय न्हाई!"

"झोपलो व्हतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

तीन दिवस ते असेच झोपले. जेवायचे, ओट्यावर बसायचे, पुन्हा झोपायचे. चौथ्या दिवशी त्यांनी कोश काढून 'वेअरी' उघडला. अर्थ माहीत नव्हता असं नाही. त्यांना बघायचं होतं ते पुढचं. तिथं दोन अर्थ होते. पहिला, श्रमानं बळ सरलेला, ताज्यातवान्याच्या विरुद्ध. दुसरा, एखाद्या गोष्टीला विटलेला. ती हवी असण्याच्या विरुद्ध. मास्तर बराच वेळ त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसले. दोन वर्षं त्यांना भीती होती ती दुसऱ्या ओळीची. खिडकीच्या गजाला धरून आपण ओरडलो ते पहिल्या ओळीतून का दुसऱ्या ओळीतून, हे त्यांना तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. घरात एवढे दोघंच असताना ते ठरवायला जागाच नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, अंगातली कोपरी बदलली आणि वाशीमहून येणाऱ्या एसटीला हात दाखवला. नांदेडला पोचले तेव्हा शकुबाई कोमलच्या गॅलरीत बसली होती. त्यांना जिन्यातून वर येताना पाहून म्हणाली, "गेले."

"व्हय," मास्तर म्हणाले, "आलो."

मग दर आठवड्याला त्यांची फेरी सुरू झाली. बोलण्याचा व्यायाम घेणारी बाई म्हणजे पंचविशीची पोर होती. चित्रं दाखवायची, पहिलं अक्षर स्वतः उच्चारायची आणि थांबायची. पहिल्याच दिवशी तिनं पंधरा-वीस वेळा मास्तरांना अडवलं. शकुबाईनं तोंड उघडलं की मास्तर शब्द पुरवायचे. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलू नका. त्यांचं चुकू द्या. चुकलेलं त्यांना स्वतःला ऐकू येऊ द्या." पाऊण तास तोंड मिटून बसणं हे मास्तरांना शकुबाईला उचलण्यापेक्षा जड गेलं. शकुबाई उजेडाच्या चित्राला अंधार म्हणायची, थांबायची, स्वतःशीच मान हलवायची आणि कधी कधी, पाच-पाच मिनिटांनी, उजेड म्हणायची. त्या पाच मिनिटांत मास्तरांच्या अंगाला घाम फुटायचा.

चार महिने गेले. फार मोठं काही झालं असं नाही. काठी घेऊन ती मोरीपर्यंत जायला लागली. नातवाचं नाव बिनचूक घ्यायला लागली. गरम आणि थंड जाग्यावर आले. व्हय आणि न्हाई आले नाहीत. ती पोर म्हणाली, ते कदाचित असेच राहतील, पण आता आजी चुकल्यावर स्वतः हात हलवतात, तेवढं बघत जा. कोमलच्या सासूबाईंची तब्येत बिघडली, रजा संपल्या, आणि फाल्गुनात शकुबाईनं निळी पेटी स्वतःच काठीनं दाराकडं ढकलली. त्यावर कुणी तिला काही विचारलं नाही.

ठरलं ते असं, की तीन महिने नाक्यावर, एक महिना नांदेडला. सकाळच्या आंघोळीला रूपाबाईच्या ढाब्यावरची एक बाई येणार. मास्तरांनी या सगळ्याला मान डोलावली. पूर्वी ते म्हणाले असते, दुसरं कोण कशाला, मी हाय ना.

परतीचा प्रवास एसटीनं केला. हिंगोलीला गाडी बदलावी लागली, दीड तास फलाटावर बसावं लागलं. ऊन चढलं होतं. एका बाईनं शकुबाईला जागा दिली आणि विचारलं, "कुठं जायचं, मावशी?" शकुबाईनं खूप वेळ तोंडाची हालचाल केली. मास्तर खांबाला टेकून दुसरीकडं बघत उभे राहिले. "नाका," ती शेवटी म्हणाली. "कनेर… नाका." बाई म्हणाली, "आमीबी तिकडंच," आणि तिनं शकुबाईला द्राक्षं दिली.

नाक्यावर उतरताना कंडक्टरनं हात दिला. घर बंद राहून आत धुळीचा वास भरला होता. मास्तरांनी कुलूप काढलं, शकुबाईला पलंगावर बसवलं, काठी भिंतीला लावली. चहा करायचा होता, पण दूध नव्हतं. रूपाबाईकडं जाऊन आणावं म्हणून ते उठले आणि परत बसले. पायांतल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या. एक त्यांनी काढली, दुसरीचा पट्टा सुटेना.

शकुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. बाहेरून एक ट्रक गेला, मांडणीवरची ताटं वाजली. मास्तरांनी दुसरी चप्पल तशीच पायात ठेवली, पाठ भिंतीला टेकली आणि दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले.